डिटेक्टरवर क्वार्टरचा आकडा येतो आणि खणल्यावर बाटलीचं झाकण निघतं: नेमकं काय तपासायचं?

मार्च-एप्रिलमध्ये इकडची, म्हणजे न्यू जर्सीतली, जमीन मऊ पडली की नवा मेटल डिटेक्टर घेतलेल्या मित्रमंडळींचे फोन सुरू होतात आणि तक्रार बहुतेक एकच असते. डिस्प्लेवर ८६ आलं, म्हणजे क्वार्टर (पंचवीस सेंटचं नाणं). खणलं तर बिअरच्या बाटलीचं गंजकं झाकण. ५२ आलं, म्हणजे निकेल (पाच सेंटचं). निघाली सोड्याच्या कॅनची टॅब. कधी पहिल्या फेरीला ८२ आणि परतीच्या फेरीला ६१, मग खणायचं की सोडायचं? दोन-तीन शनिवार असेच गेले की माणूस वैतागतो आणि मशीन परत करायला निघतो.

परत करायच्या आधी थोडं थांबा. मशीन बहुतेक वेळा ठीकच असतं. त्या आकड्याकडून आपण भलतीच अपेक्षा ठेवलेली असते. नाण्याचं नाव सांगणं त्याच्या हातात नाही, पण तो कसा येतो, किती हलतो, कुठल्या बाजूने बदलतो हे बघितलं तर पुष्कळ कळतं.

आकडा येतो कुठून

कॉइलमधून, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या गोल तबकडीतून, सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. वाटेत धातू आला की त्यात गोल फिरणारे बारीक विद्युतप्रवाह उठतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र तयार होतं आणि कॉइलमधली दुसरी तार ते पकडते. पाठवलेली लहर आणि परत आलेली लहर यांच्यात जो फरक पडतो त्यावरून मशीन आकडा काढतं. धातू चांगला वाहक असेल, तुकडा जाड आणि मोठा असेल, तर आकडा वर जातो. पातळ, लहान किंवा वाईट वाहक असेल तर खाली येतो. म्हणजे एकाच आकड्यात धातू, आकार आणि जाडी तिन्ही मिसळलेली असतात आणि ती वेगळी काढायची सोय डिस्प्लेवर नाही.

अमेरिकन नाण्यांवरच बघा. पाच सेंटचं निकेल २१.२१ मिमी रुंद आणि ५ ग्रॅम वजनाचं, डाइम (दहा सेंट) फक्त १७.९१ मिमी आणि सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. तरी डाइमचा आकडा निकेलच्या कितीतरी वर येतो, कारण निकेलचं नाणं ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल धातू यांच्या मिश्रधातूचं असतं आणि तो मिश्रधातू अगदीच कमी वीज वाहतो. १९६५ पासूनच्या डाइमच्या पोटात मात्र शुद्ध तांब्याचा थर आहे. तांब्याची जुनी पेनी (एक सेंट) डाइमपेक्षा आकाराने थोडी मोठी, पण ९५ टक्के तांब्यात मिसळलेल्या जस्तामुळे तिची वहनक्षमता थोडी कमी. एकाचं अधिक दुसऱ्याच्या उण्यात जिरतं आणि दोघींचे आकडे जवळजवळ एकमेकांवर पडतात. म्हणून ‘पेनी आहे की डाइम’ हा प्रश्न डिस्प्लेवर सुटत नाही. तो आकडा आला की खणायचं, एवढंच. चांदीचे डाइम (१९६४ पर्यंतचे) याच घरात बसतात, त्यामुळे या आकड्याचा आळस परवडत नाही.

आता ढोबळ आकडे. ० ते ९९ पट्टीच्या गॅरेट एटी प्रोवर साधारण ३५ च्या खाली लोखंड, निकेल ५१ ते ५३, झिंकची (म्हणजे १९८२ नंतरची, जस्ताची) पेनी सत्तरीत, तांब्याची पेनी आणि डाइम ८० ते ८३, क्वार्टर ८५ ते ८८, हाफ डॉलर नव्वदीच्या आसपास. मायनलॅब इक्विनॉक्स ८०० ची पट्टी उणे ९ ते ४०. तिच्यावर निकेल १२-१३, झिंकची पेनी २० च्या आसपास, तांब्याची पेनी २४-२५, डाइम २५-२६, साधा क्वार्टर २९-३०, चांदीचा त्याच्या थोडा वर. त्याच घराण्यातल्या इक्विनॉक्स ९०० ची पट्टी पुन्हा निराळी, उणे १९ ते ९९. यूट्यूबवर कुणाला ‘२५ ला चांदी मिळाली’ म्हणून तुमच्या मशीनवर २५ शोधत बसलात तर दिवसभर खिळे निघतील. आधी बघा तो कुठल्या मशीनवर बोलतोय.

आणि खरं सांगायचं तर माझे आकडेही तुमच्या कामाचे नाहीत. तुमचे तुम्हीच काढा. घराबाहेर, भिंती आणि वायरिंगपासून दूर, आधी आवाज न येणारी जागा शोधा. तिथे एकेक नाणं ठेवून त्याच्या वरून कॉइल फिरवा, मग तेच नाणं उभं करून, मग चार-पाच इंच मातीखाली पुरून. तिन्ही आकडे वहीत लिहा. तसंच कॅनची टॅब, वाकवलेली टॅब, पत्र्याचं झाकण, फॉइलचा बोळा, गंजलेला खिळा यांचेही. कचऱ्याचे आकडे लिहिणं लोक टाळतात, आणि जमिनीत खरं तर तोच जास्त असतो.

पहिली तक्रार: ८६ येतं, झाकण निघतं

ही सगळ्यात जास्त ऐकू येते, म्हणून हिच्यावर थोडं थांबू या. बाटलीचं दातेरी झाकण पोलादी पत्र्याचं असतं. लोखंडाचा आकडा खाली यायला हवा, पण चपटा, गोल पत्रा दोन कामं एकदम करतो: लोखंड म्हणून चुंबकीय प्रतिसाद देतो आणि चकती म्हणून प्रवाहही छान फिरवतो. मशीन गोंधळतं आणि आकडा ७० पासून क्वार्टरच्या घरापर्यंत कुठेही नेऊन ठेवतं. चपटे वॉशर आणि वाकलेले जुने खिळे हेच करतात. गंजलेला खिळा तर एखाद्या दिशेने थेट पट्टीच्या वरच्या टोकाला, ९५ च्या पुढे उडी मारतो. नवीन माणसाला वाटतं चांदीचा डॉलर लागला.

ओळखायचं कसं? डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळणारी सेटिंग) काढून टाका, म्हणजे लोखंडाचा आवाजही कानावर येऊ द्या. लोखंड गाळून ठेवलं असेल तर झाकणाचा अर्धा खोटा भाग लपतो आणि तुम्हाला फक्त सुंदर वरचा सूर ऐकू येतो. आता टार्गेटवर, म्हणजे जमिनीखालच्या वस्तूवर, छोट्या छोट्या फेऱ्या मारा आणि हळूहळू कॉइल स्वतःकडे ओढत टार्गेटवरून बाहेर काढा. नाणं असेल तर आवाज एकाच सुरात विरत जातो. झाकण असेल तर कॉइलची कड त्याच्यावरून जाताना जाडसर, घोगरा लोखंडी आवाज मध्येच डोकावतो. ही खूण इतकी विश्वासाची आहे की आकडा काहीही असो, तो घोगरा आवाज आला की मी आधी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

मग काटकोनात फिरा. जिथे उभे आहात तिथून पाव वळसा घेऊन त्याच ठिकाणी पुन्हा कॉइल फिरवा. चपटं पडलेलं नाणं चारही बाजूंनी एक-दोन आकड्यांच्या आत राहतं. खिळा एका बाजूने ९५, दुसऱ्या बाजूने लोखंड. पिनपॉइंट मोड (वस्तूची नेमकी जागा दाखवणारा) लावून मध्य कुठे दाखवतो तेही बघा: खिळ्याचा वरचा सूर एका जागी येतो आणि पिनपॉइंटचा मध्य त्याच्या बाजूला सरकलेला असतो. नाण्याच्या बाबतीत दोन्ही एकाच जागी पडतात.

एकापेक्षा जास्त फ्रिक्वेन्सी निवडता येत असेल तर ती बदलून बघा. झाकणाचा आकडा फ्रिक्वेन्सीगणिक ठिकाण सोडतो, नाण्याचा बऱ्यापैकी जागेवर राहतो. इक्विनॉक्सवाल्यांनी आयर्न बायस (संशयाचा आवाज लोखंडाकडे ढकलणारी सेटिंग) थोडा वाढवावा, पण फार नाही. खिळ्याशेजारचं नाणंही मग लोखंडात ढकललं जातं.

दुसरी तक्रार: ५२ वर टॅबच टॅब

इथे मी कुणाला खोटी आशा दाखवणार नाही. कॅनची टॅब ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम चांगला वाहक आहे, पण तुकडा पातळ आणि लहान, त्यामुळे आकडा उतरून नेमका निकेलच्या शेजारी येतो. १९६० च्या दशकातल्या, कॅनपासून सुट्ट्या निघणाऱ्या कडीच्या टॅब तर बागाबागांत पेरलेल्या आहेत. काही टॅब निकेलच्या आकड्यावर अगदी ठाम बसतात आणि त्यांना कुठलीच युक्ती लागू पडत नाही.

तरी फरक करता येतो तो असा. निकेल घट्ट बोलतं: ५२, ५२, ५२, कधी ५१, सगळ्या बाजूंनी, आवाज गोल आणि छोटा. टॅब बहुधा वाकलेली असते म्हणून आकडा ४९ ते ५५ असा सांडतो, आणि कॉइल तिरकी झाली की आणखी. चार दिशांनी एकच आकडा असेल तर खणा, सांडत असेल तर जागेकडे बघून ठरवा. बार्बेक्यूच्या टेबलाभोवती सोडून द्या. शंभर वर्षांच्या घराच्या अंगणात, झाडाच्या मुळाशी, पाच इंचांवर असेल तर खणाच. १९१३ ते १९३८ मधलं ‘बफेलो’, म्हणजे बायसनच्या चित्राचं निकेल याच आकड्यावर येतं.

‘टॅब नकोतच’ म्हणून ४५ ते ६० पर्यंतचा सगळा पट्टा गाळून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो मला पटत नाही. सोन्याच्या अंगठ्या फॉइलपासून झिंकपर्यंत कुठेही येतात आणि त्यातला मोठा वाटा याच पट्ट्यात पडतो. टॅब गाळाल तर अंगठीही गाळाल.

आणखी एक. मातीत बरीच वर्षं राहिलेलं निकेल खड्ड्यातून बाहेर येतं तेव्हा पांढरं नसतं. ते तांबूस-तपकिरी, काही वेळा विटकरी झालेलं असतं आणि कडेला मातीचा कठीण थर चिकटलेला असतो. मी लोकांना ते ‘कसली तरी चकती’ म्हणून फेकून देताना पाहिलं आहे. हातात घेऊन वजन बघा, कड गुळगुळीत आहे का बघा, पाणी घाला, मग ठरवा.

तिसरी तक्रार: सत्तरीतला आकडा, झिंक की जुनी पेनी?

१९८२ च्या मध्यात पेनीचं तांबं गेलं आणि ९७.५ टक्के जस्ताच्या पोटावर तांब्याचा मुलामा आला. वजन ३.११ ग्रॅमवरून अडीच ग्रॅमवर उतरलं, आकडाही खाली आला. त्या आकड्याच्या आसपासच १८६४ ते १९०९ च्या कांस्याच्या ‘इंडियन हेड’ पेनी वाजतात. बाटलीची ॲल्युमिनियमची फिरकीची झाकणंही तिथेच. म्हणजे एकाच घरात कालचा कचरा आणि आजोबांच्या आजोबांच्या काळातलं नाणं.

इथे आकडा सोडा, खोली बघा. खेळाच्या मैदानात दोन इंचांवरचा ठणठणीत सत्तरीचा आकडा म्हणजे झिंक. पाच-सहा इंचांवरचा, मऊ, पण चारही बाजूंनी तोच राहणारा आकडा मला खुरपं काढायला लावतो. शिवाय झिंकची पेनी मातीत टिकत नाही. मुलाम्याला चीर गेली की आतलं जस्त खाल्लं जातं, कडा कुरतडल्यासारख्या होतात, वर पांढरट-करडी पूड जमते. अशा पेनीचा आकडा खाली घसरतो आणि डगमगतो. खोलीचा काटा मात्र नाण्याच्या आकाराचं टार्गेट धरून मोजलेला असतो हे लक्षात ठेवा. दहा इंचांवरचा चेपलेला कॅन तो तीन इंचांवर दाखवेल. कॉइल फूटभर वर उचलून फिरवा. नाण्याचा आवाज पटकन विरतो, कॅनचा येतच राहतो.

आकडा सारखा उड्या मारतो

आधी कॉइल जमिनीवर ठेवून हात काढा. काहीही न हलवता आकडे नाचत असतील तर दोष जमिनीखालच्या टार्गेटचा नाही, विजेच्या तारांचा, जमिनीतल्या केबलचा किंवा तुमच्या खिशातल्या फोनचा आहे. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नॉइज कॅन्सल करा किंवा फ्रिक्वेन्सी थोडी सरकवा, तरी नाही गेलं तर सेन्सिटिव्हिटी दोन घरं खाली आणा. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर ठेवली की जास्त खोल दिसतं, हा समज दुकानातूनच घेऊन लोक घरी येतात; गोंगाटात खोलचा बारीक आवाज उलट हरवतो.

स्थिर कॉइल शांत असेल आणि फिरवल्यावरच आकडा उडत असेल तर ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मशीन त्या जमिनीशी जुळवून घ्या. जमिनीत लोहखनिज जास्त असेल तर खोल नाण्याचा आकडा खरी जागा सोडून भरकटतो आणि बऱ्याचदा लोखंडाकडे झुकतो. व्हर्जिनियातल्या कल्पेपरकडची लाल माती यासाठी या छंदात बदनाम आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्टही मॅग्नेटाइट बाळगणारा, त्यामुळे इथले आकडे तिथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. जागा बदलली, माती ओली-सुकी झाली की बॅलन्स पुन्हा करायचा.

दोन वस्तू शेजारी असतील तरी आकडा उडतो. नाणं आणि खिळा मिळून मशीन मधलाच काहीतरी आकडा देतं, जो दोघांपैकी कुणाचाच नसतो. जुन्या पडक्या घराच्या जागी हे कायम होतं. तिथे मोठी कॉइल काढून पाच-सहा इंचांची लावा, हळू फिरवा, आणि एकाच दिशेने का होईना, वरचा सूर पुन्हा पुन्हा त्याच जागी येतोय का बघा. येत असेल तर खणा. उभं पडलेलं नाणंही असंच एका दिशेने बरं आणि दुसऱ्या दिशेने फाटकं वाजतं.

काही नाणी तर लोखंडच असतात. ब्रिटनमधली १९९२ नंतरची एक आणि दोन पेन्स, युरोची एक, दोन आणि पाच सेंट, २००० नंतरची बरीचशी कॅनेडियन नाणी पोलादावर मुलामा दिलेली आहेत. १९४३ ची अमेरिकन पेनीही पोलादी. भारतातली स्टेनलेस स्टीलची रुपयाची नाणी चुंबकाला चिकटतात. एखादं खिशात असेल तर कॉइलखाली टाकून बघा, वहीत एक उपयोगी नोंद वाढेल.

समुद्रकिनाऱ्यावर ओल्या वाळूत मिठाचं पाणी स्वतःच वीज वाहतं आणि एका फ्रिक्वेन्सीवर चालणारी मशीन तिथे सारखी खोटं बोलतात. कोरड्या वाळूत रहा किंवा अनेक फ्रिक्वेन्सी एकदम वापरणारं मशीन घ्या. पण जर्सीच्या किनाऱ्यावर असाल तर सँडी हूक सोडा. ते नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे आणि त्यांच्या हद्दीत डिटेक्टर वापरायलाच नाही, चालू स्थितीत जवळ बाळगायलाही बंदी आहे. गावच्या बागांचे नियम गावागणिक वेगळे. आधी पालिकेच्या कचेरीत विचारा, खाजगी अंगण असेल तर मालकाची परवानगी घ्या. ब्रिटनमधल्या आपल्या लोकांसाठी: इंग्लंड-वेल्समध्ये ३०० वर्षांवरची सोन्याचांदीची दोन नाणी एका जागी निघाली तरी १९९६ च्या कायद्याने १४ दिवसांत कळवावं लागतं.

आणि गावी जाताना

सुट्टीला मशीन बॅगेत टाकून नेऊ का, हा प्रश्नही येतो. माझं उत्तर स्पष्ट आहे: नेऊ नका. भारतात १८७८ चा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. संरक्षित गडकिल्ल्यांवर तर परवान्याशिवाय खणणं हाच गुन्हा. मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी माणसं रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होती, ते पाहून जीव तुटला. शिवराई कुठल्या थरात, कुठल्या खापरांसोबत, कुठल्या भिंतीच्या आत सापडली यावरून अभ्यासकांना तो वाडा, तो बाजार, ते वर्ष कळतं. उपटून काढलेली शिवराई तांब्याचा तुकडा म्हणून हातात राहते आणि बाकीचं सगळं खड्ड्यात विस्कटून जातं. कुणाच्या नांगराला नाणी लागली तर खणणं थांबवा, जागेला हात लावू नका, तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.

खड्ड्यातून बाहेर काढल्यावर

इथल्या बागेत, परवानगीच्या जागी, आकडा खरा ठरला आणि मातीतून पांढरी कड चमकली तर अंगठ्याने पुसू नका. चांदी मऊ असते आणि मातीतले वाळूचे कण तिच्यावर कायमचे ओरखडे पाडतात. नाणं मातीसकट छोट्या डबीत टाका, घरी आणून साध्या पाण्यात भिजत ठेवा, माती आपोआप सुटू द्या. पंखांची टोपी घातलेला चेहरा आणि १९१६ हे साल दिसलं तर नाणं कडेने धरून उलटवा. मागच्या बाजूला काठ्यांच्या जुडग्याच्या पायथ्याशी डावीकडे, ‘वन’ या शब्दातल्या शेवटच्या अक्षराजवळ, डेन्व्हरच्या टांकसाळीचा बारीकसा डी आहे का ते भिंगातून बघा. त्या वर्षी तिथे असे फक्त २,६४,००० डाइम पाडले गेले होते. डी असेल तर पुढे काहीही न करता ते तसंच जाणकार नाणेतज्ज्ञाकडे न्या.